सासूबाईंच्या खोलीचा रंग

२०१९ च्या दिवाळीआधी आम्ही सासूबाईंच्या खोलीला जो करडा रंग दिला, तो दुकानात करडा होता, डब्यात करडा होता आणि पहिला हात सुकेपर्यंत भिंतीवरही करडाच होता. मात्र दोन दिवसांनी सामान जागेवर लावून ट्यूबलाइट पेटवली, तेव्हा त्याच भिंती जांभळट आणि शिळ्या दिसू लागल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नापसंती सांगण्याची त्यांची रीतच ती आहे. पुढे कितीतरी दिवस त्या दुपारची पोथी घेऊन स्वतःच्या खोलीऐवजी सोप्यात बसत राहिल्या, त्यावरून मला जे समजायचे ते समजले होते. पण नुकता दिलेला रंग पुन्हा काढायचा म्हणजे खर्च आणि पसारा, म्हणून मीही समजून न समजल्यासारखे केले.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे आणि ती खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, एवढे सांगितले म्हणजे बाहेरगावच्या वाचकांनाही अंदाज येईल. पाणी ओसरल्यावर गाळ उपसण्यात, भांडी-अंथरुणे धुण्यात आणि कागदपत्रे वाळवण्यात दोन महिने गेले, आणि दिवाळीला तरी घर घरासारखे दिसावे या घाईने आम्ही रंगाच्या दुकानात गेलो. तेव्हा करड्या रंगाची चलती होती. बाहेर हे स्कूटर चालू ठेवून उभे होते, आणि मी दुकानाच्या पांढऱ्याफेक उजेडात, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोड्या मोठ्या तुकड्यावरून, आठ-दहा वर्षे डोळ्यांसमोर राहणारा रंग पाच मिनिटांत ठरवला. साडी घेताना मी याच्या दसपट वेळ घेते.

खोली पुन्हा रंगवण्याचे निमित्त झाले ते सासूबाईंच्या मोतीबिंदूचे. गेल्या डिसेंबरात मिरजेला त्यांच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी निघून आठवडा झाला असेल, तेव्हा एका दुपारी त्या कॉटवर बसून एकदा हा आणि एकदा तो डोळा तळहाताने झाकून समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, “अगं, डाव्या डोळ्याने ही भिंत मळकी दिसते आणि उजव्याने चक्क निळी. खरी कशी आहे?”

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे उत्तर मला ठाऊक होते, तरी ते असे घरातल्या भिंतीवर सिद्ध होईल असे वाटले नव्हते. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि प्रकाशातला निळा भाग अडवू लागते. हा बदल इतका सावकाश होतो की माणसाला तो जाणवत नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले की अडलेला निळा भाग एकदम आत येतो. एकच डोळा झालेला असताना हा फरक सर्वात स्पष्ट कळतो, कारण तुलनेला दुसरा डोळा शेजारीच असतो. म्हणजे मी ज्या भिंतीला जांभळट म्हणत होते, ती सासूबाईंना आजवर मळकट दिसत होती आणि आता त्यांनाही माझ्यासारखीच दिसू लागली होती. डावा डोळाही यथावकाश करायचाच आहे. तेव्हा नवा रंग उजव्या डोळ्याच्या मताने निवडायचा, हे त्याच दिवशी ठरले.

करडा रंग जांभळट का झाला, याचा मी या वेळी नीट विचार केला. खोलीला एकच खिडकी आहे आणि ती उत्तरेला आहे. उत्तरेकडून येणारा उजेड बहुतांशी थेट सूर्याचा नसून आकाशाचा असतो, म्हणून तो स्थिर, मऊ आणि निळसर असतो. (आपल्याकडे सूर्य उन्हाळ्यात बराच उत्तरेला सरकतो, त्यामुळे मे-जूनमध्ये सकाळी आणि संध्याकाळी तिरके ऊन या खिडकीतूनही डोकावते, पण जूनमध्ये ढग आले की तेही संपते.) त्या उजेडाखाली शहाबादी फरशी, तीही निळसर करडी, आणि खिडकीतून आलेला उजेड आधी फरशीवर पडून मग भिंतीवर जाणारा. संध्याकाळनंतर ट्यूबलाइट, जी बहुतेक घरांतून ६५०० केल्विनची, म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाची असते. या तिन्ही निळसर गोष्टींच्या मध्ये आम्ही असा करडा रंग आणून ठेवला, की ज्याच्या पोटात स्वतःचीच जांभळी झाक होती.

ही झाक फिक्या रंगात चटकन दिसत नाही, पण ती ओळखायची एक सोपी युक्ती आहे. शेड कार्डाच्या एका पट्टीवर साधारणपणे एकाच कुळातल्या छटा फिक्यापासून गडदपर्यंत लावलेल्या असतात. आपल्याला आवडलेली छटा वरची असेल तर त्याच पट्टीतली सर्वात खालची, गडद छटा पाहावी. आमच्या त्या करड्याच्या पट्टीच्या तळाशी चक्क पिकलेल्या जांभळाचा रंग होता. पट्टी तिथवर खाली पाहण्याची तसदी मी घेतली असती, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

दुकानातला रंग घरी बदलतो, यात नवे काही नाही. आपल्याकडच्या बायका हे पिढ्यान् पिढ्या जाणतात, म्हणून साडी पसंत पडली तरी ती दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात पाहिल्याशिवाय पैसे देत नाहीत. मॅचिंग सेंटरमध्ये ट्यूबलाइटखाली साडीशी तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस लग्नाच्या मांडवात वेगळाच दिसतो, हा अनुभव कोणाला नाही? दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात भिन्न दिसू शकतात, कारण ते वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले असतात आणि त्यांची गाठ फक्त त्या एका उजेडापुरती जमलेली असते. साडी निदान दाराशी नेता येते. भिंतीच्या बाबतीत खोलीच दुकानात नेता येत नाही, म्हणून रंगालाच खोलीत आणून, तिथल्या उजेडात, चांगले आठ दिवस ठेवावे लागते.

पण ते कसे ठेवावे, यालाही पद्धत आहे. आमच्याकडे येणारे रंगारी पूर्वी नमुन्यादाखल जुन्या भिंतीवरच एक हातभर पट्टा मारून दाखवत. त्या पट्ट्याचा आपल्याला काही उपयोग नसतो, कारण त्याच्या चारी बाजूंना जुना रंग असतो आणि डोळा नव्या रंगाकडे जुन्याच्या तुलनेतच पाहतो. पॅरिसमधल्या गोबलँ या, भिंतीवर टांगायची विणलेली चित्रे बनवणाऱ्या, प्रसिद्ध कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रोल यांनी १८३९ मध्ये ही गोष्ट सविस्तर मांडली: काळा धागा फिका पडल्याची तक्रार त्यांच्यापर्यंत आली होती, आणि दोष रंगात नसून शेजारी विणलेल्या निळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत असल्याचे त्यांना आढळले. आमच्या जांभळट भिंतीवर कोणताही बदामी पट्टा मारला असता तरी तो हळदीसारखा पिवळा दिसला असता.

म्हणून मी शाळेत वापरतात तसल्या मोठ्या पांढऱ्या ड्रॉइंग शीट आणल्या. दुकानातून पाच छटांचे छोटे डबे घेतले, प्रत्येक शीटला प्रायमरचा एक आणि रंगाचे दोन हात दिले आणि कडेने दोन बोटे पांढरी जागा मोकळी सोडली, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग नव्याला चिकटत नाही. शीट मधोमध दुमडून खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंतींवर मिळून लावल्या, कारण एकमेकींसमोर आलेल्या भिंती एकमेकींचा रंग कसा वाढवतात हे कोपऱ्यातच दिसते. शीट जमिनीवर आडव्या ठेवून पाहू नयेत, हेही सांगून ठेवते. फरशीवर उजेड वरून पडतो, भिंतीवर बाजूने.

आमचे रंगारी वीस वर्षे याच भागात काम करणारे आहेत. कोपऱ्यात टांगलेल्या त्या शीट पाहून ते म्हणाले, “बाई, भिंतीला रंग द्यायचाय का तिची परीक्षा घ्यायचीय?” मी म्हटले, परीक्षाच, आणि तीही तोंडी, लेखी दोन्ही. त्यानंतर मात्र येता-जाता तेही डोकावून आपले मत देऊ लागले, आणि त्यांचे मत बहुतेक वेळा बरोबर निघाले, हे कबूल केले पाहिजे.

शेड कार्डावरची नावे कुठल्या तरी दूरच्या डोंगरांची आणि मिठायांची असल्यामुळे सासूबाईंशी बोलताना त्यांचा काहीच उपयोग झाला नाही. साड्यांच्या भाषेत मात्र त्या अचूक बोलतात: मोतिया, बदामी, अबोली, श्रीखंडी, पिस्ता, केतकी. त्यांची इच्छा फिक्या अबोलीची होती, आणि विचार केला तर ती योग्यच होती. उत्तरेच्या निळसर उजेडाला थोड्या उबदार रंगाने उत्तर द्यावे, हे शास्त्रही सांगते. सकाळी दहा वाजता अबोली शीट खरोखर सर्वांत सुंदर दिसत असे. मात्र सकाळी दहाला त्या खोलीत कोणी नसते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. खोलीचा रंग ती खोली ज्या वेळी वापरली जाते त्या वेळी पाहावा. सासूबाई दुपारी दोन ते चार तिथे आडव्या होतात, मग पोथी वाचतात आणि दिवेलागणीला जपमाळ घेऊन बसतात. दिवा त्या अगदी अंधार पडेपर्यंत लावू देत नाहीत. त्या संधिप्रकाशात अबोली राखेसारखी दिसू लागली. मंद प्रकाशात डोळ्याची लाल रंगाबाबतची संवेदना आधी मंदावते आणि निळ्या-हिरव्याची टिकून राहते, हे पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवले. ज्याच्या परसात जास्वंद आहे त्याने तेही रोज पाहिलेले असते, कारण तिन्हीसांजेला जास्वंदीचे फूल काळे पडते तेव्हाही पाने हिरवीच असतात. अबोलीतला लालसर अंश संध्याकाळी मावळत होता आणि खाली उरत होता तो निव्वळ करडेपणा, म्हणजे पाच वर्षे ज्याला कंटाळलो तोच. बदामी मात्र दुपारीही टिकली आणि दिवेलागणीलाही.

बदामीच्याही तीन छटा होत्या, आणि इथे मी एका साध्या हिशोबाचा आधार घेतला. भिंतीवर पडलेला उजेड एकदाच परतून डोळ्यांत येत नाही. तो समोरच्या भिंतीवर, तिथून पुन्हा अलीकडच्या भिंतीवर असा उसळत राहतो आणि दर वेळी रंगाचा थोडा थोडा हिस्सा घेतो. समजा एखादा रंग पिवळ्या भागातला ८० टक्के आणि निळ्या भागातला ५० टक्के उजेड परत पाठवतो. दोनदा उसळल्यावर हेच प्रमाण ६४ आणि २५ होते, म्हणजे पिवळेपणाचे पारडे आधी दीडपटीच्या थोडे वर होते ते अडीचपटीच्या वर जाते. म्हणूनच तळहाताएवढ्या तुकड्यावर सौम्य वाटलेला पिवळा चारही भिंतींवर गेला की अंगावर येतो. शीटवर जी छटा मनासारखी वाटते तिच्यापेक्षा एक पायरी फिकी किंवा थोडी अधिक राखट छटा घ्यावी, असे मी यावरून ठरवले, आणि तीनपैकी मधली आवडली असूनही वरची घेतली. खोली पूर्ण झाल्यावर ती मधलीसारखीच दिसते आहे.

उजेडाचा आणखी एक आकडा कामाचा आहे. बऱ्याच कंपन्या प्रत्येक छटेसाठी ‘एल. आर. व्ही.’ देतात; शून्य ते शंभरच्या मापावर ती छटा एकंदर किती उजेड परत पाठवते, ते त्यावरून कळते. आमचा जुना करडा पन्नाशीच्या आतला होता, नवा बदामी सत्तरच्या आसपासचा आहे. एका खिडकीच्या खोलीत, आणि ज्यांच्या डोळ्यांत तरुणांपेक्षा बराच कमी उजेड पोहोचतो अशा माणसासाठी, हा फरक दिवा लावल्या-न लावल्याएवढा आहे. मात्र सगळेच फिके करून चालत नाही. फिक्या भिंतीवरचे पांढरे बटण सासूबाईंना संध्याकाळी सापडत नसे, त्या हाताने चाचपडत. म्हणून दाराची चौकट आमसुली तपकिरी केली आणि बटणांच्या पाटीभोवती त्याच रंगाची बोटभर चौकट ओढली. दिसायला थोडे विचित्र आहे, पण उपयोगाचे आहे.

रंग ठरला तरी भिंत तयार होती का, हा वेगळाच प्रश्न होता. २०१९ मध्ये आम्ही महापुरानंतर तीन महिन्यांच्या आत रंग दिला होता, आणि वर्षभरातच खालच्या चार फुटांत पोपडे निघून लोणा फुटला. पाणी भरलेली भिंत बाहेरून कोरडी दिसली तरी आतून महिनोन् महिने ओली असते. ती ओल बाहेर येताना आतले क्षार सोबत आणते आणि रंगाचा पापुद्रा ढकलून देते. अशा भिंतीवर ओल रोखणारा महाग रंग लावला, तर ओल आतच कोंडते एवढाच फरक. त्यामुळे यंदा जानेवारीत खालचा गिलावा खरवडून नवा केला, त्याला नेमाने पाणी मारले आणि मग वाट पाहिली. ओल तपासायला प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद लावून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव धरले असेल तर थांबावे.

नव्या गिलाव्याची दुसरी अडचण म्हणजे सिमेंटचा अल्कधर्मी गुण, ज्याने काही रंगद्रव्ये उडतात किंवा डागाळतात. त्यासाठी मी हळदीच्या गावात राहण्याचा फायदा घेतला. हळदीत चुना मिसळला की कुंकू होते, हे आपल्याला ठाऊक असते. तीच परीक्षा भिंतीची घेता येते. स्पिरिटमध्ये हळद कालवून त्यात गाळणकागद बुडवला, वाळवला, पट्ट्या कापल्या, आणि भिंत शुद्ध पाण्याने किंचित ओली करून पट्टी दाबून धरली. जानेवारीच्या अखेरीस पट्टी कुंकवासारखी लाल झाली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती जेमतेम तपकिरी झाली, तेव्हा रंगाऱ्यांना बोलावले. ही परीक्षा पुट्टी लावण्याआधी करावी, कारण पांढऱ्या सिमेंटची पुट्टी स्वतःच अल्कधर्मी असते. त्या लाल पट्ट्या सासूबाईंनी मागून घेतल्या आणि शेजारच्या मुलांना जादू म्हणून दाखवल्या.

बाकीचे काम सरळ होते. खोली बारा बाय दहाची, उंची दहा फूट, म्हणजे भिंती ४४० चौरस फूट. दार, खिडकी आणि भिंतीतले कपाट वगळून साधारण ३८०. आतल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना सव्वाशे-दीडशे चौरस फूट पुरतो, तेव्हा तीन लिटर लागणार होते, आणि चार लिटरचा एकच डबा घेतल्याने सगळी खोली एकाच मिश्रणात झाली. दोन डबे लागणार असतील तर ते आधी एका बादलीत एकत्र करून घ्यावेत, किंवा निदान डबा भिंतीच्या मधोमध न बदलता कोपऱ्यात बदलावा. चकाकी मी मॅटच घेतली. जुन्या मातीच्या भिंती ओळंब्यात नसतात, आणि चमकदार रंग प्रत्येक फुगवट्यावर बोट ठेवतो. तीच छटा चकाकी बदलली की वेगळी दिसते, हेही आहेच. छत पांढरे ठेवले आणि ६५०० केल्विनची ट्यूबलाइट काढून ४००० ची बसवली, कारण त्याहून पिवळा दिवा लावला तर बदामीचा पुन्हा श्रीखंड होतो.

उरलेला पाऊण लिटर रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरला आणि झाकणावर छटेचा क्रमांक, बेसचे नाव आणि तारीख लिहिली. बरणी खोलीतल्याच कपाटात ठेवायला मी निघाले होते. सासूबाईंनी भिंतीकडे बोट करून पुराची रेघ कुठवर आली होती ते दाखवले, आणि मग ती माळ्यावर नेऊन ठेवली.